छोट्या धरणाची राखण

‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण तुम्ही अगदी पहिलीपासून ऐकत आला आहात. शाळेच्या फळ्यावर सुविचार म्हणूनही ती कितीदा तरी लिहिली असेल. पण मित्रांनो, थेंब जसा तळं साचवतो तसा तो तळं फोडूही शकतो, बरं का! बांधातून झिरपणाऱ्या एका बारीक धारेकडे वर्षानुवर्षं कुणी पाहिलं नाही, तर एखाद्या पावसाळी रात्री अख्खं तळंच वाट काढून निघून जातं. आणि त्या वाटेवर घरं असतील तर?

धरण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कोयना येतं, जायकवाडी येतं, भाक्रा येतं. पाठ्यपुस्तकात त्यांचीच चित्रं असतात. पण जगातली बहुतेक धरणं अशी थोरली नसतात. ती असतात दोन-तीन मजली घराएवढी उंच, मातीची, आणि पुष्कळदा कुणाच्या तरी मालकीची. एखादा शेतकरी शेताला पाणी मिळावं म्हणून नाला अडवतो. एखादा कारखाना पाणी साठवतो. एखादी संस्था आपल्या आवारात सुंदरसं तळं करते. अमेरिकेत नव्वद हजारांहून अधिक धरणांची सरकारदरबारी नोंद आहे, आणि त्यांतली निम्म्याहून जास्त खाजगी मालकीची आहेत.

अशाच एका छोट्या, खाजगी, मातीच्या धरणाची ही हकिकत.

धबधब्याच्या वरचं तळं

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात टोकोआ नावाचं गाव आहे. तिथे १८६ फूट उंचीचा देखणा धबधबा आहे. म्हणजे जवळजवळ अठरा मजली इमारतीएवढा! त्याच्या पायथ्याशी एक महाविद्यालय. विद्यार्थी आणि शिक्षक यांची घरं ओढ्याच्या काठाने वसलेली. काही कुटुंबं चाकांवरच्या घरांत, म्हणजे ट्रेलरमध्ये राहत होती. आणि धबधब्याच्या वर, डोंगरात, केली बार्न्स नावाचं धरण होतं. ते याच महाविद्यालयाच्या मालकीचं.

धरण कसं बांधलं गेलं ते ऐका. १८९९ च्या सुमारास कुणीतरी विजेसाठी पाणी अडवायचं ठरवलं आणि लाकडाच्या चौकटींत दगड भरून एक बांध घातला. पुढे त्याच्यावरच मातीचा भराव टाकला. नंतर जास्त पाणी मावावं म्हणून तो भराव आणखी उंच केला. असं करत करत धरण साडेअकरा मीटर उंच आणि सुमारे १२० मीटर लांब झालं. १९५७ साली तिथलं वीजघर बंद पडलं. तेव्हापासून धरणाला तसं काही कामच उरलं नाही. वर एक छानसं तळं राहिलं. लोक तिथे फिरायला, मासे पकडायला जात.

काम संपलं, पण पाणी मात्र तसंच साठून राहिलं. हे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट इथून सुरू होते.

१९७७ च्या नोव्हेंबरमध्ये त्या भागात चार दिवस पाऊस झाला. सुमारे सात इंच. त्यातला जवळपास निम्मा शेवटच्या संध्याकाळी कोसळला. ६ नोव्हेंबरला, मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास, खालची सगळी माणसं गाढ झोपेत असताना धरण फुटलं. धबधब्यावरून पाण्याची भिंतच खाली आली. ३९ माणसं गेली. त्यांत लहान मुलं पुष्कळ होती.

तळ्यात त्या रात्री पाणी होतं तरी किती? सुमारे ७७ कोटी लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर ७७ हजार टँकर! कोयनेच्या मानाने हे पाणी म्हणजे काहीच नाही. पण धरण फुटलं तेव्हा एका सेकंदाला साधारण ६८ टँकर पाणी बाहेर पडत होतं, असा अंदाज नंतर तज्ज्ञांनी काढला. धरण छोटं होतं. त्याच्याखाली झोपलेल्या माणसांसाठी ते छोटं नव्हतं.

मातीचा बांध पाण्याला अडवतो कसा?

तुम्ही म्हणाल, मातीचं धरण बांधायचंच कशाला? माती तर पाण्यात विरघळते!

शंका अगदी रास्त आहे. पण नीट बांधलेलं मातीचं धरण शेकडो वर्षं टिकतं. आपल्या देशातली बहुतेक धरणं मातीचीच आहेत. त्याची रचना मोठी हुशारीची असते. मधोमध चिकट मातीचा गाभा असतो. ही माती थरावर थर देऊन, पाणी शिंपडून, रोलरने दाबून बसवतात. तिच्यातून पाणी फार हळू झिरपतं. गाभ्याच्या दोन्ही अंगांना मुरमाचं जाड आवरण. पाण्याच्या बाजूला लाटांनी माती खाऊ नये म्हणून दगडांचं अस्तर, त्याला पिचिंग म्हणतात. दोन्ही बाजूंचे उतार पसरट ठेवतात. दोन पावलं पुढे गेल्यावर एक पाऊल उंची वाढावी इतके, किंवा त्याहूनही मंद. म्हणून तर मातीचं धरण पायथ्याशी इतकं रुंद असतं.

आता गंमत अशी, की मातीच्या धरणातून थोडं पाणी झिरपणारच. ते थांबवता येत नाही, आणि त्याने बिघडतही नाही. फक्त त्याला शिस्तीत बाहेर काढावं लागतं. त्यासाठी पायथ्याशी वाळूचे आणि दगडांचे थर घालतात. पाणी गाळून निघतं, माती मागेच राहते. म्हणजे आपली चहाची गाळणीच म्हणा ना!

शिवाय दोन गोष्टी हव्यातच. एक मोरी, म्हणजे लागेल तेव्हा पाणी सोडण्याची वाट. आणि दुसरा सांडवा. तळं भरलं की जादा पाणी सांडव्यावरून बाजूने निघून जातं. मातीच्या धरणाचा जीव या सांडव्यात असतो. कारण काँक्रीटच्या भिंतीवरून पाणी गेलं तर ती बहुधा सोसते. मातीच्या माथ्यावरून पाणी वाहू लागलं तर ते काही वेळातच माती कापत सुटतं.

करून पाहा

हे सगळं घरी बघायचं का? आईला विचारून एक जुनं घमेलं किंवा खोलगट परात घ्या. बाल्कनीत नाहीतर अंगणात बसा. बागेतली माती थोडी ओली करून परातीच्या मध्यावर आडवा बांध घाला आणि हाताने चांगला दाबा.

पहिला प्रयोग : एका बाजूला तांब्याने सावकाश पाणी ओता. बांध काठोकाठ भरला तरी ओतत राहा. पाणी जिथून सर्वांत आधी ओलांडेल तिथे बारीकशी खाच पडेल. मग बघा, खाच खोल होते, म्हणून जास्त पाणी येतं. जास्त पाणी येतं, म्हणून खाच आणखी खोल होते. पाहता पाहता बांधाला खिंडार पडेल.

दुसरा प्रयोग : नवा बांध घाला, पण या वेळी त्याच्या तळातून सरबताची नळी आरपार घाला. नळीचं तोंड मेणाने घट्ट बंद करा. आता पाणी भरा. नळीतून एक थेंबही यायचा नाही. पण थोडा वेळ थांबा! बहुतेक वेळा पाणी नळीच्या बाहेरच्या अंगाने, माती आणि नळी यांच्या फटीतून वाट काढतं. आधी ओल दिसेल, मग थेंब, मग गढूळ धार. ही धार आपल्याबरोबर मातीचे कण घेऊन येते. आत पोकळी होत जाते, आणि वरून मात्र बांध धडधाकट दिसतो.

मातीची धरणं फुटतात ती मुख्यतः याच दोन तऱ्हांनी. एक तर पाणी वरून जातं, नाहीतर आतून पोखरतं. तिसरी तऱ्हा म्हणजे उतारच घसरतो, पावसात दरड कोसळते तसा.

टोकोआला काय चुकलं?

धरण फुटल्यावर तज्ज्ञांची समिती नेमली गेली. तिने पाहिलं तेव्हा एकच एक कारण हाती लागलं नाही. सापडल्या त्या अनेक खुणा. धरणाचा खालचा उतार फार उभा होता. त्या उतारावर झाडं वाढली होती. भरावातून जुने पाइप गेले होते. दुसऱ्या प्रयोगातली नळी आठवा. आणि १९७३ साली, म्हणजे धरण फुटायच्या चार वर्षं आधी, काढलेल्या एका फोटोत खालच्या उताराचा एक तुकडा घसरलेला स्पष्ट दिसत होता.

चार वर्षं! धरण आपली तब्येत बरी नसल्याचं सांगत होतं. पण ते समजेल असं कुणी तिथे जात नव्हतं. मासे पकडायला जाणारे होते, फिरायला जाणारे होते, पण धरणाची नाडी बघणारं कुणी नव्हतं. इथे कुणी दुष्ट माणूस नाही, मित्रांनो. वीजघर चालू होतं तोवर निदान कामाच्या निमित्ताने धरणाकडे पाहावं लागे. ते बंद झालं आणि ते बघणंही संपलं.

याच्याही खूप आधी, १८८९ साली, अमेरिकेतच पेनसिल्व्हेनिया राज्यात एक मोठं खाजगी मातीचं धरण फुटलं होतं. ते श्रीमंत लोकांच्या एका क्लबच्या मालकीचं होतं. तळ्यातले मासे वाहून जाऊ नयेत म्हणून क्लबने सांडव्याला जाळ्या बसवल्या होत्या. ३१ मे रोजी धो-धो पाऊस आला, जाळ्यांत पालापाचोळा आणि ओंडके अडकले, सांडवा तुंबला. पाणी माथ्यावरून गेलं. खालचं जॉन्सटाउन शहर वाहून गेलं आणि २,२०० हून अधिक माणसं मेली. जाळ्या होत्या माशांसाठी! त्यांची एवढी किंमत मोजावी लागेल असं बसवणाऱ्याच्या स्वप्नातही नसेल.

टोकोआच्या दुर्घटनेनंतर मात्र अमेरिका खडबडून जागी झाली. जिमी कार्टर तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते आणि ते स्वतः जॉर्जियाचेच. धरणं तपासण्याचा कायदा १९७२ पासूनच होता, पण तपासणीसाठी पैसाच दिला गेला नव्हता. कार्टर यांनी लष्कराच्या अभियंत्यांना कामाला लावलं. १९८१ पर्यंत ज्या धरणांखाली माणसं राहतात अशी साधारण ८,८०० धरणं त्यांनी तपासली. त्यांतलं जवळजवळ प्रत्येक तिसरं धरण असुरक्षित निघालं! जॉर्जिया राज्याने १९७८ मध्ये धरणांच्या सुरक्षिततेचा स्वतःचा कायदा केला.

म्हणून काय जगातली सगळी छोटी धरणं सुधारली? नाही. ९ मे २०१८ च्या रात्री केनिया देशात सोलाय इथे एका मोठ्या खाजगी शेतावरचं मातीचं धरण जोराच्या पावसात फुटलं आणि चाळीसहून अधिक लोक मेले.

आणि आपल्याकडे?

पुण्यात एखाद्या घरी वयस्कर आजी-आजोबा असतील तर त्यांना ‘पानशेत’ एवढंच म्हणून बघा. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं मातीचं धरण फुटलं. ते सरकारी होतं, मोठं होतं, आणि अजून पुरतं बांधूनही झालं नव्हतं. तिथेही धरणाखालून पाणी सोडण्याच्या वाटेचं काम अर्धवट होतं, आणि नेमका तिच्यावरचा भराव खचला. जवानांनी वाळूची पोती रचून धरण वाचवण्याची शर्थ केली. पण सकाळी ते फुटलंच. खालचं खडकवासलाही फुटलं आणि पुणं पाण्याखाली गेलं.

अगदी अलीकडची गोष्ट म्हणजे चिपळूण तालुक्यातलं तिवरे. तेही सरकारी, पण लहान. २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटलं आणि वीसहून जास्त माणसं गेली. धरण गळतंय हे आपण आधीच कळवलं होतं, असं गावकऱ्यांनी सांगितलं. खेकड्यांनी धरण पोखरलं असंही तेव्हा म्हटलं गेलं आणि त्यावर बरीच टीका झाली. खेकडे, उंदीर, घुशी मातीत बिळं करतात हे खरंच आहे. पण खेकडा काही एका रात्रीत बीळ करत नाही. बिळं दिसतात, आणि दिसली की बुजवता येतात. बघणारा हवा, एवढंच.

आपल्या देशात धरण सुरक्षा कायदा २०२१ साली झाला. चांगलाच झाला. तो पंधरा मीटरहून उंच अशा सगळ्या धरणांना लागू आहे. दहा ते पंधरा मीटर उंचीची धरणं मात्र काही अटी पुऱ्या झाल्या तरच त्यात येतात. जसं की लांबी निदान पाचशे मीटर, किंवा पाणी निदान दहा लाख घनमीटर, म्हणजे शंभर कोटी लिटर. आता टोकोआच्या धरणाचं माप आठवा. उंची साडेअकरा मीटर, लांबी १२० मीटर, पाणी ७७ कोटी लिटर. या दोन्ही अटींत ते बसलं नसतं! आणि दहा मीटरपेक्षा बुटकं धरण तर कायद्यात येतच नाही. म्हणजे अशा बांधांची राखण करायची ती त्यांच्या मालकाने आणि गावाने. कायदा प्रत्येक बांधावर येऊन उभा राहू शकत नाही.

गावाने राखण करायची ही काही आपल्याला नवी गोष्ट नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतल्या मुलांना ‘मामा तलाव’ माहीत असतील. मामा म्हणजे आईचा भाऊ नव्हे! ‘माजी मालगुजारी’ या शब्दांची पहिली अक्षरं घेऊन हे नाव पडलं. पूर्वी गावचा मालगुजार या तलावांचा मालक असे. त्यांचे बांध मातीचे. गाळ काढायचा, बांधाला माती घालायची, हे काम वर्षानुवर्षं गावाच्या अंगवळणी पडलेलं होतं. १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. जमीनदारी संपली ते योग्यच झालं. पण त्यासोबत ‘हा बांध आपला आहे, आपण बघायचा आहे’ ही सवयही बऱ्याच गावांतून गेली. तलाव गाळाने भरले, बेशरमची झुडपं माजली. आता काही गावांतले लोक पुन्हा एकत्र येऊन ते दुरुस्त करत आहेत.

टोकोआ आणि भंडारा यांच्यात हजारो मैलांचं अंतर. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच. मालक बदलला, काम बदललं, तरी बांध आणि पाणी जागच्या जागीच असतात.

धरणाची नाडी कशी बघतात?

यासाठी मोठी यंत्रं लागत नाहीत. डोळे आणि एक वही लागते. जाणती माणसं पावसाळ्याआधी, पावसाळ्यात आणि नंतर बांधावरून फिरतात आणि अशा खुणा शोधतात :

• झिरपणारं पाणी स्वच्छ आहे की गढूळ? स्वच्छ आणि नेहमीइतकंच असेल तर ठीक. गढूळ झालं किंवा एकदम वाढलं, तर आतून माती निघते आहे. हा धोक्याचा लाल दिवा!

• भर उन्हाळ्यात खालच्या उतारावर एकाच जागी हिरवंगार गवत किंवा चिखल आहे का? तिथे पाणी येतंय.

• माथ्यावर भेग, खड्डा किंवा खचलेली जागा दिसते का? उतार कुठे फुगलाय का, घसरलाय का?

• बांधावर झाडं वाढली आहेत का? रोप लहान असतानाच काढावं. मोठं झाड मात्र जाणकाराला विचारूनच. कारण ते तोडलं तरी मुळं आत कुजतात आणि त्यांच्या जागी पाण्याला आयत्या नळ्या मिळतात.

• उंदीर, घुशी, खेकडे यांची बिळं आहेत का?

• सांडवा मोकळा आहे का? कुणी त्यात दगड रचून, जाळी लावून, पाणी जास्त साठावं म्हणून तो उंच तर केला नाही ना?

आणि सर्वांत महत्त्वाचं, जे दिसलं ते तारखेसह वहीत लिहून ठेवतात. गेल्या वर्षी धार करंगळीएवढी होती आणि यंदा मनगटाएवढी झाली, हे वहीवाचून कुणाच्या लक्षात राहणार?

थांबा, थांबा! हे वाचून लगेच बांधाकडे धाव घेऊ नका. काठावरची माती निसरडी असते, सांडव्याचं पाणी ओढून नेतं. तिथे जायचं ते मोठ्या माणसांबरोबरच, आणि तळं भरून वाहत असताना तर मुळीच नाही. पण तुमच्या रोजच्या वाटेवर, शेतात जाताना, गुरं चारताना काही वेगळं दिसलं तर ते आई-बाबांना, गुरुजींना नक्की सांगा. त्यांनी ते बांधाच्या मालकाला, ग्रामपंचायतीला, तलाठ्याला किंवा पाटबंधारे खात्याला लेखी कळवावं आणि अर्जाची पोच घ्यावी. आणि मोठ्या पावसात बांधाखालून गढूळ पाण्याची धार सुटली असं कळलं, तर बघायला गर्दी करायची नाही. ओढ्याकाठच्या घरांना हाका मारायच्या, फोन करायचे आणि सगळ्यांनी उंचावर जायचं. सामान मागाहून बघता येतं.

पालकांनाही एक विनंती. तुमच्या गावाच्या वर एखादं तळं असेल तर मुलांना बरोबर घेऊन दोन प्रश्नांची उत्तरं शोधा. हे तळं कुणाचं आहे? आणि त्याचा बांध शेवटचा कुणी, कधी पाहिला? पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुधा लगेच मिळेल. दुसऱ्याचं मिळालं नाही, तर पुढच्या ग्रामसभेत विचारायचा पहिला प्रश्न तोच!